वावर विकलं, ओढा नाही विकला

आमच्या घराच्या मागं ओढा आहे. डोंगरावरनं येतो, गावठाणाला वळसा घालतो आणि खाली नदीला मिळतो. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो त्यामुळं नवीन माणसाला तो ओढा वाटतच नाही, घाणेरीची झुडपं वाढलेली पडीक जागा वाटते. पण आषाढात तीन दिवस झड लागली की त्याला कमरेच्या वर पाणी येतं आणि रात्री त्याचा आवाज घरात ऐकू येतो. माझं वय ४२, एवढ्या वर्षांत तो ओढा कधी आमच्या दारात आला नव्हता. गेल्या पावसाळ्यात आला. रात्री अडीचला आईनं हाक मारली, उठून बघतो तर स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी, फ्रीजखाली पाणी, आणि कोपऱ्यात ठेवलेली इंद्रायणीची पोती खालनं भिजलेली. वर्षभराचा घरचा तांदूळ होता तो. आई काही बोलली नाही, पोत्यावर हात ठेवून नुसती बसली.

सकाळी पाऊस उघडल्यावर मी ओढ्याच्या कडंकडंनं वर चालत गेलो. वरच्या अंगाला ओढा सोळा पावलं रुंद आहे, मी मोजला. तिथनं थोडं खाली आलं की नव्या प्रोजेक्टची कंपाउंड भिंत ओढ्याला आडवी घातलीय आणि पाणी जायला खाली सिमेंटचे दोन पाईप टाकलेत, एकेक पाईप एवढा की त्यात लहान पोरगं वाकून बसेल. पाईपच्या तोंडाशी शटरिंगच्या फळ्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, थर्माकोल, एक अख्खी फांदी असं सगळं अडकून बूच बसलेलं. पाण्याला वाट मिळाली नाही म्हणून ते भिंतीला वळसा घालून आमच्या आळीत शिरलं. झालं ते एवढंच. त्या रात्रीचा पाऊस काही जगावेगळा नव्हता, त्याच्यापेक्षा मोठे पाऊस या ओढ्यानं पचवलेत.

हे मी ज्याला ज्याला सांगतो तिथं बोलणं दोन मिनिटांत "गाववाले विरुद्ध फ्लॅटवाले" यावर जातं. एक जण म्हणतो बाहेरच्यांनी येऊन गावाची वाट लावली, दुसरा म्हणतो जमिनी तुम्हीच विकल्या आता रडता कशाला. मला या दोन्हीबद्दल बोलायचंय, कारण दोन्ही बाजूची माणसं एकाच गोष्टीनं मार खातायत आणि ती गोष्ट म्हणजे कामाचा क्रम. आधी परवानगी, मग टॉवर, मग माणसं राहायला येणार, आणि पाणी, ड्रेनेज, रस्ता, शाळा, दवाखाना हे सगळं नंतर बघू. हा क्रम उलटा आहे आणि तो सरळ केल्याशिवाय पुण्याच्या कडेच्या एकाही गावाचं भलं होणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत आमचं गाव अडीच हजाराच्या आतलं. ग्रामपंचायतीत नऊ मेंबर. त्याच गावाच्या हद्दीत एका प्रोजेक्टमध्ये ८०० फ्लॅट होणारेत, आणि हा एकच प्रोजेक्ट आहे, अजून दोन रांगेत आहेत. एका फ्लॅटात चार माणसं धरली तर ३,२०० माणसं, म्हणजे एका कंपाउंडच्या आत अख्ख्या गावापेक्षा जास्त वस्ती. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे शहरासाठी सरकारनं ठरवलेलं माप आहे. तर ३,२०० गुणिले १३५, म्हणजे रोजचं ४ लाख ३२ हजार लिटर. दहा हजार लिटरचा मोठा टँकर धरला तर रोज ४३ टँकर. रोज! आणि आमचा रस्ता असा आहे की समोरनं एसटी आली तर मोटरसायकलवाल्याला साईडपट्टीवर उतरावं लागतं. हा हिशोब मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केलाय, त्याला कुठला तज्ज्ञ लागत नाही. मग ज्या टेबलावर ८०० फ्लॅटचा नकाशा मंजूर झाला त्या टेबलावर हा हिशोब कुणी केला नाही का? केला असेल तर ते पाणी कुठनं येणार होतं हे त्या कागदावर कुठंतरी लिहिलेलं असायला पाहिजे.

लिहिलेलं आहे. मी माहिती अधिकारात कागद काढले. त्यात बिल्डरचं एक प्रतिज्ञापत्र आहे की सार्वजनिक पाणीपुरवठा होईपर्यंत मी स्वखर्चानं पाणी पुरवीन. पुण्याच्या आसपास हे सगळीकडं चालतं, शेकडो प्रोजेक्ट असल्याच हमीवर उभे राहिलेत. म्हणजे पाणी नाही हे परवानगी देणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत आहे, आणि एक स्टॅम्प पेपर लावला की पाणी आहे असं धरून पुढं जायचं. "पुरवठा होईपर्यंत" म्हणजे किती वर्षं, आणि नाही पुरवलं तर कुणी कुणाला काय करायचं, याचा त्या कागदावर एक शब्द नाही.

आता विहिरीचं सांगतो. आमच्याकडं जमीन म्हणजे वर दोन-चार फूट माती, खाली मुरूम आणि त्याच्या खाली काळा पाषाण. सगळ्या पुणे जिल्ह्यात बहुतेक हाच बेसॉल्ट आहे. या दगडात पाणी वाळूसारखं साठत नाही, ते मुरमाच्या थरात आणि दगडाच्या भेगांत असतं, आणि एका भेगेचं पाणी चार विहिरींना जातं. त्यामुळं एकानं खोल उपसलं की शेजारची विहीर उतरते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला लागत नाही. प्रोजेक्टवाल्यांनी पार्किंगसाठी दोन मजले खाली खणलं. खणताना झरे फुटले. मग ते पाणी काढायला पंप बसवले आणि ते पंप दिवसरात्र चालू होते, दिवाळीच्या आधीपासनं संक्रांतीपर्यंत मी स्वतः बघितलेत, आणि सगळं पाणी खाली ओढ्यात सोडून दिलेलं. त्या वर्षी आमची विहीर फेब्रुवारीत तळाला गेली. एरवी ती एप्रिल काढते. शेजारच्या आबांनी कांदा लावला होता तो अर्धा सोडून द्यावा लागला.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही हा नियम महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यापासनं आहे. पण पायासाठी खड्डा खणून तेच पाणी उपसून टाकलं तर त्याला कुणी विहीर म्हणत नाही. दगडाच्या भेगेला मात्र तो खड्डा काय आणि विहीर काय, एकच.

आता "जमिनी तुम्हीच विकल्या" याचं उत्तर. हो, विकल्या. आमच्या भावकीत विकल्या, माझ्या सख्ख्या चुलत्यांनी विकली. मी ते लपवणार नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. चुलत्यांना तिघं पोरं, दोन पोरी, जमीन दोन एकर, त्याचे पाच वाटे केले तर एकेकाला सोळा गुंठे येतात. सोळा गुंठ्यांत भात किती होणार आणि त्यात कुणाचा संसार चालणार? वर मजुरी मिळत नाही, रानडुकरं भात ठेवत नाहीत, आणि शेजारच्यानं विकलं की तुमच्या वावरात जायची वाट बंद होते, मग तुम्हालाही विकावंच लागतं. हे शेवटचं फार कमी लोकांना माहीत असतं. मधल्या वावराला कुंपणाचे पत्रे लागले की मागच्या माणसाची किंमत निम्म्यावर येते आणि त्याच्याकडं विकण्याशिवाय काही राहत नाही.

पण चुलत्यांनी विकलं ते त्यांच्या सातबाऱ्यावरचं वावर. ओढा त्यांच्या नावावर कधीच नव्हता, पाणंद, म्हणजे शेतांकडं जायची गावची वाट, त्यांच्या नावावर नव्हती, गावच्या विहिरीचं पाणी त्यांच्या नावावर नव्हतं. जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम २० सरळ सांगतं की सार्वजनिक रस्ते, वाटा, नद्या, ओढे, नाले जे खाजगी मालकीचे नाहीत ते सगळे सरकारच्या मालकीचे. मग जी वस्तू विकणाऱ्याची नव्हतीच ती घेणाऱ्याला मिळाली कशी? आमच्याकडं वरच्या वस्तीवर जायची जुनी गाडीवाट होती, गावनकाशावर ती दुहेरी रेघेनं दाखवलीय, माघातल्या यात्रेला देवाची पालखी तिथनं जायची. आज तिथं गेट आहे आणि गेटवर सिक्युरिटी. दोन वर्षं झाली पालखी डांबरी रस्त्यानं लांबून फिरवून नेतो. सिक्युरिटीवाल्या पोराशी भांडून उपयोग नाही, तो बिचारा विदर्भातनं बारा तासांच्या ड्युटीवर आलेला, त्याला सांगितलंय कुणाला सोडायचं नाही म्हणून तो सोडत नाही. त्या पाणंदीला वाचवायचं काम त्याचं नव्हतं, नकाशा मंजूर करणाऱ्याचं होतं.

एक कायदा इथं सांगून ठेवतो कारण तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ चा. शेताचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर तहसीलदाराकडं दावा करता येतो आणि तहसीलदार अडथळा काढायचा आदेश देऊ शकतो. वकील नसला तरी चालतं. पण अडवल्यापासनं सहा महिन्यांच्या आत दावा लागतो आणि आमचं नेमकं इथंच चुकलं. भिंत बांधली तेव्हा उन्हाळा होता, ओढा कोरडा होता, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पाणी घरात शिरून आम्ही जागे झालो तोवर सहा महिने उलटून गेले होते. तुमच्या गावात असं काही दिसलं तर पावसाची वाट बघू नका, भिंत दिसली त्याच आठवड्यात फोटो काढा, तारीख टाका आणि अर्ज करा.

आता फ्लॅटवाल्यांचं. पहिल्या दोन बिल्डिंगमध्ये लोक राहायला आलेत. माझं सोसायटीत जाणं-येणं आहे कारण आमच्या घरचं दूध तिथं जातं. लातूरकडच्या एक वहिनी आहेत, नवरा-बायको दोघंही नोकरीला, वीस वर्षांचं लोन. त्यांनी मला सोसायटीचं टँकरचं रजिस्टर दाखवलं. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख, गाडी नंबर, वेळ, सही. एका पानावर एकाच दिवसाच्या चौदा एंट्री. आणि हे सगळे पैसे मेंटेनन्समधनं जातात, म्हणजे ते प्रतिज्ञापत्रातलं "स्वखर्चानं" शेवटी या वहिनींच्या खिशातनं. अॅग्रीमेंट काढून बघितलं तर आत कुठंतरी एक कलम आहे की पाण्याचा खर्च सभासदांनी वाटून घ्यायचा. त्यांनी सही केली तेव्हा वाचलं नव्हतं. कुणीच वाचत नाही, ऐंशी-नव्वद पानांचं अॅग्रीमेंट सब-रजिस्ट्रार ऑफिसातल्या गर्दीत कोण वाचणार?

तर या बाईला मी काय म्हणू, तू माझ्या गावचं पाणी प्यायलीस? तिला तर ते मिळालंच नाही. टँकरचं पाणी भरतात ते शेजारच्या गावातल्या खाजगी विहिरीवर, तिथल्या शेतकऱ्यानं ऊस मोडून टँकर भरायचा धंदा सुरू केलाय कारण उसापेक्षा त्यात पैसा आहे. त्यामुळं आता त्या गावातल्या आजूबाजूच्या विहिरी उतरल्यात. एका गावचा त्रास दुसऱ्या गावात गेला एवढंच झालं. वहिनींच्या मुलाला शाळेत सोडायला त्यांना सकाळी पावणेसातला निघावं लागतं, कारण सात वाजले की हायवा डंपर आणि तयार काँक्रीटचे (आरएमसी) मिक्सर सुरू होतात आणि रस्ता जाम. त्याच रस्त्यावर आमची पोरं सायकलवरनं झेडपीच्या शाळेत जातात. मिक्सरमधनं सांडलेलं काँक्रीट रस्त्यावर वाळून त्याची ढेकळं झालीत, त्यावरनं घसरून गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या मुलाचा हात मोडला. वहिनी आणि मी, दोघांनाही एकाच माणसाकडं जाऊन एकच प्रश्न विचारायचाय. तो माणूस कोण हेच सापडत नाही.

कारण परवानगी एकीकडनं, निस्तरणं दुसरीकडं. २०१५ च्या मार्चमध्ये पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झालं, तेव्हापासनं मनपा-नगरपालिकांच्या हद्दीबाहेरच्या अशा गावांतल्या बांधकामाच्या परवानग्या तिथनं मिळतात आणि विकास शुल्कही तिथंच भरलं जातं. ग्रामपंचायतीकडं काय येतं? घरपट्टी, आणि कचरा. ८०० फ्लॅटचा ओला-सुका कचरा उचलायला आमच्या पंचायतीकडं एक घंटागाडी आहे. सरपंचताईंना मी विचारलं की नकाशा मंजूर व्हायच्या आधी पंचायतीला काही कळवलं होतं का, तर त्या म्हणाल्या, दादा, आम्हाला पण जेसीबी आल्यावरच कळलं. निवडून दिलेल्या सरपंचाला गावात काय होणार हे जेसीबी आल्यावर कळतं, मग ग्रामसभेत आम्ही जे ठराव करतो त्यांचं मोल काय राहिलं?

आणि हे सगळं कुठल्या आराखड्यावर चाललंय ते पण ऐका. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आमच्या गावातनं पण माणसं हरकती घेऊन गेली होती. २०२५ मध्ये तो आराखडाच सरकारनं रद्द केला. त्यात काय चुकीचं होतं यावर भांडता येईल, भरपूर चुकीचं होतं. पण तो गेल्यावर मागं उरली ती १९९७ ला मंजूर झालेली पुण्याची प्रादेशिक योजना. १९९७ ला आमच्या गावात फोन एक, तो पंचायतीत. हिंजवडीत तेव्हा भात होता, आयटी पार्कची नुसती सुरुवात. तेव्हा बसवलेलं रस्ते-आरक्षणांचं गणित, आणि बांधकामाचे नियम मात्र डिसेंबर २०२० चे, युनिफाईड डीसीपीआर, ज्यात जास्त एफएसआय मिळतो, म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधता येतं, जास्त उंची मिळते. उंची नव्या काळाची आणि रस्ता-पाण्याचा विचार जुन्या काळाचा, ही गाठ जोवर सुटत नाही तोवर आमच्या दारात पाणी येतच राहणार.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं, की गाव महानगरपालिकेत घ्या, सगळं होईल. मला हे पटत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुणे मनपात गेली, लोहगाव, उंड्री, धायरी, आंबेगाव वगैरे. जून २०२१ मध्ये अजून २३, त्यात वाघोली, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. तिथं कुणी नातेवाईक असतील तर फोन करून विचारा टँकर बंद झाले का. वर २०२२ च्या मार्चमध्ये मनपाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता, म्हणजे या गावांची पंचायतही गेली आणि नगरसेवकही नव्हता, गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला? फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर मनपात जाऊन परत बाहेर पडली, २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. मनपात जाणं वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पण नुसती पाटी बदलून नळाला पाणी येत नाही.

आणि पाणी नुसतं येऊन भागत नाही, ते कसलं येतं हा पण प्रश्न आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे पेशंट एकामागून एक निघाले. धडधाकट माणसं, लहान मुलं, आधी जुलाब, मग हातापायातली ताकद गेली, काही व्हेंटिलेटरवर गेली, काही वारली. नांदेडच्या ज्या विहिरीतनं आसपासच्या वस्तीला पाणी जायचं तिथं पाणी फिल्टर होत नव्हतं, नुसतं क्लोरीन टाकून पुढं सोडलं जायचं. विहीर जुन्या गावासाठी होती. वस्ती चहूकडनं वाढली, सोसायट्या झाल्या, आणि पाण्याची व्यवस्था त्या जुन्या विहिरीवरच राहिली. खडकवासला धरण तिथनं हाकेच्या अंतरावर, ज्या धरणाचं पाणी बहुतेक पुणं पितं, आणि धरणाच्या पायथ्याच्या गावाला शुद्ध पाणी नाही! हे वाचलं तेव्हा मला आमची विहीर आठवली. तिच्या वरच्या अंगाला आता प्रोजेक्टचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट आहे, तो कधी चालू असतो कधी बंद, आणि बंद असतो तेव्हा ओढ्याच्या काठानं जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. ओढ्याचं ते पाणी मुरून कुठं जाणार? त्याच मुरमात, त्याच भेगांत.

ओढ्यांबाबत तर पुण्यानं आणखी काय शिकायचं राहिलंय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, कात्रजपासनं अरण्येश्वरपर्यंत माणसांचा जीव गेला. २०२५ च्या जूनमध्ये हिंजवडीत एका पावसात रस्त्याची नदी झाली, बसच्या चाकावर पाणी, सगळ्यांनी व्हिडिओ बघितले असतील. प्रत्येक वेळी नंतर तेच सांगितलं जातं की नाले बुजवले, ओढे वळवले. नंतर का? ओढा तर तिथंच होता ना, गावनकाशावर होता, इंग्रजांच्या काळापासनं कागदावर आहे.

घरं होऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. पुण्यात कामाला येणाऱ्या माणसाला घर लागणारच, आणि शहरात त्याला परवडत नाही म्हणून तो आमच्याकडं येतो, त्यात त्याची काय चूक? माझा धाकटा भाऊसुद्धा मगरपट्ट्यात कामाला आहे आणि तिकडंच भाड्यानं राहतो, तिथल्या गावच्या लोकांना तो बाहेरचाच. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोजेक्टला काम सुरू करायची परवानगी देताना पाण्याचा खरा स्रोत दाखवा, पाईपलाईन कुठनं येणार, किती व्यासाची, कुणाच्या पैशानं, कधीपर्यंत. टँकरची हमी हा स्रोत धरू नका, ती पूर्ण बंद करा. रोज ४३ टँकर कायमचे असतील तर त्याला पाणीपुरवठा म्हणता येत नाही. आणि ओसी, म्हणजे राहायला जायचा भोगवट्याचा दाखला देताना माणूस पाठवून नळ उघडून बघा. बिल्डिंगची ओसी देताना लिफ्ट बघतात, फायरचं बघतात, मग नळाला पाणी आहे का हे बघायला काय अडचण आहे?

ओढा आणि पाणंद यांची मोजणी नकाशा मंजूर व्हायच्या आधी व्हावी, भूमी अभिलेखच्या भूकरमापकाकडनं, गावाला नोटीस देऊन, आणि ग्रामपंचायतीच्या माणसासमोर खुणा गाडाव्यात. बिल्डर उद्या म्हणेल यानं प्रोजेक्ट सहा महिने लांबतो, घरं महाग होतात. लांबू देत. वहिनी आज टँकरला जे पैसे भरतात ते त्यांच्या घराच्या किमतीत कुणी धरलेत का? आमची चार पोती तांदूळ, आबांचा कांदा, त्या पोराचा मोडलेला हात, हे कुणाच्या खर्चात धरायचं? घर महाग होतंच आहे, फक्त त्याचे पैसे कोण भरतंय एवढाच फरक आहे.

विकास शुल्काचा ठरावीक वाटा त्याच गावात, त्याच वर्षी खर्च व्हायला पाहिजे हे पण मी मागतोय. गावातनं गोळा झालेला पैसा कुठं गेला हे आम्हाला साध्या भाषेत फळ्यावर लिहून मिळावं, ग्रामपंचायतीच्या बाहेर, जिथं आता घरपट्टी थकबाकीदारांची नावं लावतात तिथंच.

यासाठी गाव आणि सोसायटी एकत्र बसायला पाहिजेत आणि आमच्याकडं ते नुकतंच सुरू झालंय. ग्रामसभेत गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे, तुम्ही जन्मानं गावचे असा किंवा मागच्या महिन्यात राहायला आलेले असा. पण सोसायटीतल्या बहुतेकांची नावं अजून लातूरला, जळगावला, नाहीतर कोथरूडला आहेत. मग पंचायतीत त्यांना विचारतंय कोण, आणि दोन हजाराच्या यादीच्या जोरावर आमचं तरी कोण ऐकणार? म्हणून गेल्या दोन रविवारी आम्ही चार-पाच जण सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये बसून नाव इकडं बदलून घ्यायचा फॉर्म ८ भरून देतोय. पहिल्या रविवारी काही लोक संशयानं बघत होते, कुणाच्या पार्टीचे आहात असं विचारत होते. दुसऱ्या रविवारी वहिनींनी टँकरचं रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं आणि मी ओढ्याचे फोटो ठेवले, मग बोलणं सुरू झालं. एक रिटायर्ड इंजिनियर काका निघाले, त्यांनी पाईपचा व्यास आणि ओढ्याची रुंदी घेऊन अर्ध्या तासात कागदावर गणित मांडून दाखवलं की हे पाणी त्या दोन पाईपांतनं जाऊच शकत नाही. ते गणित आता आमच्या अर्जाला जोडलंय.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. त्यात तीनच गोष्टी आहेत, ओढ्याची मोजणी, पालखीच्या वाटेवरचं गेट, आणि पुढच्या दोन प्रोजेक्टचं काम सुरू व्हायच्या आधी पाण्याचा लेखी स्रोत. सूचक म्हणून आबांचं नाव आहे, अनुमोदक म्हणून वहिनींचं. तोवर पावसाळ्याचे दोन महिने काढायचेत. आईनं तांदळाची पोती या वर्षी माळ्यावर चढवून ठेवलीत.